मुसीच्या खोऱ्यात

दिलसुखनगर हे नाव उच्चारले की हैदराबादेतील माणसाच्या डोळ्यांपुढे शिकवणीवर्गांच्या पाट्या येतात, कापडाची दुकाने येतात, साईबाबांच्या मंदिरापुढची गुरुवारची रांग येते आणि अलीकडे डोक्यावरून धावणारी मेट्रो येते. नदी मात्र येत नाही. वास्तविक मुसी येथून जेमतेम दीड-दोन किलोमीटरांवर वाहते. परंतु नदीला पाठ करून बसलेले गाव आपण नदीकाठचे आहोत हे विसरून जाते, तसे आमचे झाले आहे. दिलसुख राम प्रसाद नावाच्या जहागीरदाराच्या शेतजमिनींचे भूखंड पाडून ही वसाहत झाली असे जुने लोक सांगतात. ती शेते पिकत होती ती याच खोऱ्यातील मातीवर आणि विहिरींवर. तेव्हा आपण राहतो त्या मुलखाचा परिचय करून घ्यायचा तर तो नदीच्या अनुरोधाने करून घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. गेल्या काही वर्षांत सुट्ट्या पडतील तशी ही नदी मी उगमापासून संगमापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पाहिली.

मुसीचा उगम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत होतो. हैदराबादच्या पश्चिमेस सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर हे डोंगर आहेत. उंची फार नाही, परंतु दाट झाडी, पावसाळ्यात झाडांच्या शेंड्यांवर उतरणारे ढग आणि अनंतपद्मनाभस्वामींचे जुने देवालय यांमुळे तेथे मन रमते. देवालयाजवळच पाण्याचे कुंड आहे. मुचकुंद राजा देवांच्या साहाय्यार्थ लढून थकला आणि निद्रेचा वर मागून याच डोंगरातल्या गुहेत झोपी गेला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. पुढे कालयवन श्रीकृष्णाचा पाठलाग करीत आला, त्याने कृष्ण समजून निजलेल्या मुचकुंदाला लाथ मारली आणि मुचकुंदाच्या दृष्टीने तो भस्म झाला, ही भागवतातील कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. हाच मुचकुंद पुढे पुंडलिक होऊन जन्मास आला, अशीही एक कथा वारकरी मंडळी सांगतात. मुसीचे पुराणातले नाव मुचकुंदा. मुचकुंदेची मुसी होणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही. शहरात मात्र मुसी आणि तिला मिळणारी ईसी या जोडनावांचा संबंध मुसा आणि ईसा या प्रेषितांशी लावतात. नदीने दोन्ही नावे मुकाट्याने सोसली आहेत.

विकाराबादचे आणखी एक महत्त्व आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. परळी वैजनाथहून लातूर रोड, उदगीर, बीदर असा येणारा लोहमार्ग येथेच मुंबई-हैदराबाद मार्गाला मिळतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळी शिक्षणासाठी, कचेरीतल्या नोकरीसाठी किंवा वकिलीसाठी राजधानीकडे निघालेली किती मराठी कुटुंबे या स्थानकावरून गेली असतील! माझे आजोबाही त्यांतलेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि जे येथे स्थिरावले होते ते येथेच राहिले. आमची आजी अखेरपर्यंत "गावी जायचं" म्हणत राहिली. पण गाव म्हणजे कोणते, हे तिने कधी स्पष्ट केले नाही.

अनंतगिरीहून निघालेली नदी पूर्वेकडे येते ती एका अतिप्राचीन खडकावरून. हैदराबादच्या परिसरात एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे प्रचंड करडे-गुलाबी धोंडे दिसतात ते ग्रॅनाइटचे असून त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्यांच्या मानाने कालचा, साडेसहा कोटी वर्षांचा! या धोंड्यांच्या फटींतून सीताफळीची झाडे आपोआप उगवतात, आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या पाट्या बाजारात येतात. माळावर तरवड फुलतो, शेताच्या बांधावर कुरडू डोलतो. तेलुगूत तरवडाला तंगेडू आणि कुरडूला गुनुगू म्हणतात. याच फुलांचे थर रचून भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बायका बतुकम्मा मांडतात, तिच्याभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात, आणि शेवटी तिला पाण्यात सोडतात. त्याच दिवसांत आपल्याकडे पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जातो. आमच्या गल्लीत दोन्ही फेर मी पाहिले आहेत. एका घरातली सून दोन्हींत जाते, आणि दोन्हीकडची खिरापत घरी घेऊन येते. सरूरनगरच्या तलावावर गणपतीही जातो आणि बतुकम्माही जाते.

दिलसुखनगरहून विजयवाड्याच्या रस्त्याने वनस्थळीपुरमला गेले की महावीर हरिण वनस्थळी लागते. ही निजामाची शिकारीची जागा. भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९७५ साली ती काळविटांसाठी राखून ठेवण्यात आली. चारी बाजूंनी वस्ती वाढली, परंतु आत अजून काळवीट चरतात. सकाळच्या वेळी वर्गातील मुलांना तेथे नेले तर मुले गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. आणि मुलांना गप्प करणाऱ्या गोष्टी शिक्षकाच्या आयुष्यात फार थोड्या असतात.

आता शहर. लंगरहौजजवळ मुसी आणि ईसी यांचा संगम होतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये महात्माजींच्या अस्थींचा काही अंश येथे विसर्जित झाला, म्हणून त्या जागेला बापूघाट म्हणतात. पुढे पुराना पूल. इब्राहिम कुत्बशहाने तो १५७८ साली बांधला, म्हणजे चारमिनार उभा राहण्यापूर्वी तेरा वर्षे. हैदराबाद शहराहून त्याचा पूल जुना आहे, ही गोष्ट नवख्या पाहुण्याला सांगितली की तो चमकतो. गोवळकोंड्याचे रहिवासी नदी ओलांडून दक्षिणेकडे जाऊ लागले आणि मग १५९१ मध्ये तेथे शहर वसले, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे उलगडा होतो.

पुराना पुलाहून चादरघाटापर्यंतचे दोन्ही काठ पाहताना १९०८ चे साल मनात ठेवावे लागते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो पूर आला त्याची आठवण या शहराच्या हाडांत आहे. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. अफजलगंज, मुस्लिमजंग आणि चादरघाट या पुलांची दैना झाली. तीन शतकांचा पुराना पूल तेवढा टिकला. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांचे अवघे कुटुंब त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्यावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. झाडापाशी उभे राहून वर पाहिले म्हणजे फांद्यांवर दीडशे माणसे कशी मावली असतील, याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो.

पुराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी निजाम सरकारने १९०९ मध्ये ज्यांना बोलावले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे स्थापत्यशास्त्राचे शिक्षण पुण्याचे, नोकरी मुंबई इलाख्याची आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविण्याची कीर्ती पाठीशी. मुठेकाठी शिकलेली विद्या त्यांनी मुसीकाठी वापरली. मुसीच्या पाणलोटात तेव्हा ७८८ तलाव होते, आणि त्यांपैकी २२१ त्या पावसात फुटले, असे त्यांना आढळले. एक तलाव फुटून त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळते, तो फुटून त्याखालच्यावर. अशी ती मालिका होती. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडविणे. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. नदीला दोन्ही बाजूंनी दगडी तट बांधले गेले, काठांवर बागा झाल्या, आणि व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यांवरून उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय, सिटी कॉलेज अशा देखण्या इमारती उभ्या राहिल्या. आपत्तीतून शहराने आपला दर्शनी भाग घडविला.

त्याच सिटी कॉलेजात नरहर कुरुंदकर काही काळ विद्यार्थी होते. त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर हैदराबादेत मराठीचे अध्यापन करीत. नदीच्या उत्तरेस रेसिडेन्सीच्या हद्दीत, म्हणजे आजच्या सुलतान बाजार आणि कोठीच्या भागात, आपल्या लोकांची वस्ती दाट होती. त्याला कारण होते. रेसिडेन्सीच्या बाजारांत निजामाच्या पोलिसांचा अंमल चालत नसे. त्यामुळे सभा, व्याख्याने आणि उत्सव यांना तेथे जरा मोकळा श्वास घेता येई. केशवराव कोरटकरांसारखी माणसे या परिसरात वावरली, विवेकवर्धिनी शाळा येथे १९०७ मध्ये सुरू झाली. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर होते. हे सर्व मुसीच्या तटापासून हाकेच्या अंतरावर घडले. आपल्या वाङ्मयात गोदा, कृष्णा, इंद्रायणी, चंद्रभागा यांची वर्णने भरपूर आहेत. मुसीला मात्र तिच्या काठी तीन-चार पिढ्या काढूनही आपण फारसे काही वाहिलेले नाही.

चादरघाट ओलांडून मलकपेठेवरून दिलसुखनगरकडे निघाले की डाव्या हाताला मूसारामबाग लागते. हे नाव ऐकून कोणी मूसाराम शेठजी असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते एका फ्रेंच सेनापतीचे नाव आहे. रेमों हा तो सेनापती. लोकांनी त्याचा मुसलमानांसाठी मूसा रहीम आणि हिंदूंसाठी मूसाराम केला. निजामाच्या कवायती पलटणी त्याने उभ्या केल्या. १७९५ मध्ये नगर जिल्ह्यातील खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्या लढाईत निजामाच्या बाजूने लढणारा हाच रेमों. तो मार्च १७९८ मध्ये वारला. आस्मानगडच्या टेकडीवर त्याचे थडगे, त्यावर काळ्या दगडाचा निमुळता स्तंभ आणि शेजारी खांबांचा मंडप आहे. मंडप २००१ च्या पावसात कोसळला, आणि नंतर पुन्हा उभारण्यात आला. ज्याच्याशी आपले पूर्वज लढले त्याच्या नावाच्या मेट्रो स्थानकावर आम्ही रोज चढतो-उतरतो.

परंतु आमच्या परिसरातील खरे धन याहून कितीतरी जुने आहे, आणि त्याची वार्ता शेजारच्यांनाही नाही. चैतन्यपुरीत, मुसीच्या अगदी काठाशी, कोसगुंडला नरसिंहस्वामींचे देवस्थान एका खडकाळ टेकडीवर आहे. तेथील शिळेवर ब्राह्मी लिपीत प्राकृत शिलालेख कोरलेला आहे. तो विष्णुकुंडी वंशातील गोविंदवर्म्याच्या काळचा, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातला असून त्यात गोविंदराज विहाराचा आणि बौद्ध भिक्षूंसाठी केलेल्या निवासाचा उल्लेख आहे. म्हणजे कुत्बशाहीच्या हजार वर्षे आधी या नदीकाठी भिक्षू राहत होते, त्यांच्यासाठी दाने दिली जात होती, आणि ती दगडावर लिहून ठेवणारे लेखनिक होते. चारशे वर्षांचे म्हणून ज्या शहराचा आपण गौरव करतो त्याच्या एका उपनगरात दीड हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे!

मराठीच्या विद्यार्थ्याला या लेखाचे अगत्य आणखी दोन कारणांनी वाटावे. पहिले भाषेचे. प्राकृत ही आपल्या भाषेची आजी. तिचे महाराष्ट्री रूप गोदेच्या काठी नांदले, आणि तिच्याच भावंडांपैकी एकीत मुसीकाठी हा लेख लिहिला गेला. दुसरे कारण नात्याचे. विष्णुकुंडी राजा माधववर्मा याने वाकाटक राजकन्येशी विवाह केला होता. वाकाटक म्हणजे विदर्भाचे. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली ते. म्हणजे येथे आलेली पहिली "आपल्याकडची" सून दीड हजार वर्षांपूर्वीच आली होती, असे मी वर्गात सांगतो. इतिहासकार मान हलवतील, पण मुले ते विसरत नाहीत.

मी तेथे प्रथम गेलो तो एका रविवारी सकाळी. देवळात भाविक येत-जात होते. शिळेवरच्या अक्षरांकडे कोणी पाहत नव्हते, आणि त्यांनी पाहावे असे सांगणारे तेथे कोणी नव्हते. अक्षरे झिजली आहेत. ऊन तिरपे असेल तेव्हाच ती वाचकाला थोडीफार भेटतात. पुढे मी आठवीच्या मुलांना घेऊन गेलो. एका मुलाने विचारले, "सर, हे लोक पाणी कुठलं प्यायचे?" मी खाली नदीकडे बोट दाखविले. त्यावर सगळी मुले नाकाला रुमाल लावून हसली. त्या हसण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कारण आज चैतन्यपुरीपाशी जे वाहते त्याला पाणी म्हणणे कठीण आहे. दोन्ही जलाशयांनी वरचे पाणी अडविल्यावर शहरातून वाहते ते मुख्यतः शहराचेच सांडपाणी. अंबरपेठेत दररोज ३३९ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे, नागोलला दुसरे आहे. परंतु शहर त्यांच्यापेक्षा वेगाने वाढले. काठावर पॅरा गवताची हिरवीगार शेते दिसतात. ते गवत या पाण्यावर वाढते, म्हशी ते खातात आणि त्यांचे दूध शहरात येते. दूरून पाहणाऱ्याला दृश्य रम्य वाटते.

आणि तरीही ती नदीच आहे, याची आठवण ती अधूनमधून करून देते. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री घटकेसरच्या बाजूला एका दिवसात तीसहून अधिक सेंटिमीटर पाऊस झाला. सरूरनगरचा तलाव भरून वाहिला, आमच्या भोवतालच्या वसाहतींत कमरेइतके पाणी शिरले, मूसारामबागेचा पूल पाण्याखाली गेला. तलावांखालची, नाल्यांवरची आणि पात्रातली जमीन आपण घरांसाठी घेतली होती; पाण्याने ती एका रात्रीपुरती परत मागितली. सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या जलाशयांची दारे उघडल्यावर महात्मा गांधी बसस्थानकातही पाणी शिरले. विश्वेश्वरय्यांनी मोजलेल्या त्या ७८८ तलावांपैकी आज किती तलाव म्हणून उरले आहेत, हा प्रश्न त्या रात्री आमच्या गच्चीवर जमलेल्या मंडळींत कोणी विचारला नाही. मोटारी कोणाच्या वाहून गेल्या एवढीच चर्चा होती.

उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोवती दहा किलोमीटरांच्या परिघात मोठी बांधकामे व प्रदूषणकारी उद्योग होऊ नयेत असा १११ क्रमांकाचा शासकीय आदेश १९९६ मध्ये निघाला होता; त्याच्या कक्षेत ८४ गावे होती. एप्रिल २०२२ मध्ये ती बंधने सैल करण्यात आली. दुसरीकडे मुसीच्या पुनरुज्जीवनाची मोठी योजना २०२४ पासून गाजते आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीपात्रातल्या घरांवर लाल अक्षरांत खुणा उमटल्या. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरावरही ती खूण होती. तिची आई दाखला मागायला आली. घर कोठे मिळणार, कोणत्या शाळेत घालायचे, हे तिला ठाऊक नव्हते. "सर, नदी साफ व्हायला पाहिजे, हे आम्हालाही कळतं. आम्ही तर तिच्या उशाशीच झोपतो," असे ती हिंदीत म्हणाली. मी दाखला लिहून दिला. नदीला तिची जागा मिळाली पाहिजे याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण पात्रात घर बांधणाऱ्या मोलकरणीच्या भिंतीवर जी लाल खूण उमटते ती तलाव बुजवून इमले उठविणाऱ्यांच्या भिंतीवर उमटलेली मी पाहिली नाही.

नागोलच्या पुढे नदी शहराबाहेर पडते आणि भाताच्या शेतांतून, तलावातलावांतून यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यात शिरते. तिच्या जवळच पोचमपल्ली आहे. तेथील इकत विणीची लुगडी आपल्या घरांत असतात, पण आणखी एका कारणासाठी तेथे जावे. १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबाजी तेथे आले असता गावच्या भूमिहीनांनी जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाला आपल्या जीवनकार्याची दिशा मुसीच्या खोऱ्यात मिळाली. ज्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला जमिनीच्या इंचाइंचासाठी तलाव बुजले, त्याच्याच खालच्या अंगाला हे घडले आहे. त्याच अंगाला तुम्मलगुडेम येथे विष्णुकुंडींचे ताम्रपट सापडले. सूर्यापेटजवळ सोलिपेटला १९६३ चे मुसी धरण आहे. तेथवर पोचता पोचता पाण्याचा वास बराच कमी होतो.

सुमारे २४० किलोमीटरांचा प्रवास करून मुसी नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेला मिळते. संगमावर अगस्त्येश्वराचे आणि लक्ष्मीनरसिंहाचे अशी जुनी देवालये आहेत. मी गेलो त्या दिवशी घाटावर गर्दी नव्हती. येथवर आलेली कृष्णा महाबळेश्वराची; आणि भीमा तिला वरच रायचूरच्या बाजूला मिळालेली असते, म्हणजे पंढरीची चंद्रभागाही त्या पाण्यात असते. तिच्यात येथे मुचकुंदा मिसळते. एका वृद्ध पुजाऱ्याला मी ही गोष्ट मोडक्या तेलुगूत सांगितली. त्याने पंढरपूर ऐकले होते. "मग तुम्ही इथेच स्नान करा, तेवढे लांब कशाला जाता?" असे तो म्हणाला.

ज्यांना ही यात्रा करावयाची असेल त्यांनी ती आश्विन-कार्तिकात करावी. अनंतगिरीस विकाराबादपर्यंत आगगाडीने आणि पुढे बसने किंवा रिक्षाने जाता येते. वाडपल्लीस मिर्यालगुडामार्गे जावे. चैतन्यपुरीची शिळा पाहायची तर मेट्रोच्या त्याच नावाच्या स्थानकावर उतरून नरसिंहस्वामींचे देऊळ विचारावे, सकाळी आठाच्या आत पोचावे, आणि खडकावर चढताना चपला हातात घ्याव्यात.